बीड रोलर घ्यावा का? पॉलिमर क्लेच्या एकसारख्या मण्यांचा हिशेब

क्ले घाला, झाकण सरकवा, एकसारखे मणी काढा. अ‍ॅक्रिलिकचा बीड रोलर विकणारे एवढंच सांगतात. यातलं पहिलं आणि दुसरं बरोबर आहे, तिसरं अर्धवट. रोलर मण्याला घाट देतो, पण माप तुम्ही क्ले तोडता तेव्हाच ठरलेलं असतं. माप चुकलं तर रोलर ते झाकून घेत नाही, मण्याच्या टोकावर आणून दाखवतो. हे ठाऊक असलेल्याला हे साधन वर्षानुवर्षं साथ देतं. नसलेल्याचं चार दिवसांत ड्रॉवरच्या तळाशी जातं आणि ऑनलाइन एका ताऱ्याचा शेरा मिळवतं.

हे परीक्षण दोन पट्ट्यांच्या, तीन खोबणींच्या रोलरचं आहे. अमाको, फिमो या नावांनी असे रोलर मिळतात आणि बिननावाचे तर ढिगाने. खालच्या जाड पारदर्शक पट्टीवर लांबीच्या दिशेने तीन खोबणी, वरच्या पट्टीच्या पोटात त्यांच्या जोडीच्या तीन. वरची पट्टी, म्हणजेच झाकण, दोन्ही कडांच्या आधाराने मागेपुढे सरकते आणि मधे अडकलेला मणी खोबणीत आडवा गडगडत राहतो. खोबणीचा आडवा छेद जसा, तसा मण्याचा घाट. नेहमीच्या संचात एक गोल, एक लांबट ओव्हल आणि एक बायकोन असतो, म्हणजे पोटात फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता.

क्ले म्हणजे इथे फक्त ओव्हनमध्ये भाजायची पॉलिमर क्ले: फिमो, स्कल्पीची प्रीमो, सर्निट वगैरे. पीव्हीसीची पूड, तिला मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर आणि रंग. शिल्पकारसारखी दोन भाग मिसळायची इपॉक्सी क्ले या रोलरमध्ये घालू नका, खोबणीला चिकटून कडक झाली की रोलर गेला. हवेत वाळणारी क्लेही नको. ती ओलसर असल्याने चिकटते आणि वाळताना आकसते, त्यामुळे रोलरमधून मापात निघालेला मणी मापात राहत नाही. पॉलिमर क्ले भाजल्यावर जवळजवळ आकसत नाही. कच्च्या मण्याचं जे माप, तेच पक्क्याचं, म्हणून तर हा सगळा खटाटोप करण्यात अर्थ आहे.

क्ले किती घ्यायची

तळहातावर वळलेल्या गोल मण्यात चूक लपते. क्ले १० टक्के जास्त झाली तरी व्यास जेमतेम ३ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे १२ मिमीचा मणी १२.४ होतो. माळेत तो कोणाला दिसत नाही. रोलरमध्ये हीच १० टक्के क्ले कुठे जाणार? पोटाचा व्यास खोबणीने बांधलेला. मग ती दोन्ही टोकांकडे पळते आणि तिथे चपटी शेपटी किंवा पातळ झालर काढते. क्ले १० टक्के कमी पडली तर टोकं भरतच नाहीत, बोथट राहतात. म्हणजे हाताने वळताना जे अंदाजपंचे चालतं, ते रोलरमध्ये चालत नाही.

चांगल्या संचासोबत मोजायची छोटी पट्टी येते, तिला प्रत्येक घाटासाठी खड्डा असतो. खड्डा भरायची रीत महत्त्वाची. बोटाने थोडी थोडी क्ले कोंबली की तळाशी हवा अडकते आणि दर वेळी माप बदलतं. मापापेक्षा थोडा मोठा, भेगा नसलेला एकच गोळा करून तो खड्ड्यात दाबा, वर आलेला भाग पातळ ब्लेडने पट्टीला सपाट टेकवून कापा, मग क्ले सुईने उचकटून काढा. ब्लेड तिरपं धरलं की कड वर राहते. तेवढ्यानेही टोकावर फरक दिसतो.

पट्टी नसेल, किंवा तिच्या खड्ड्याचं आणि खोबणीचं जमत नसेल (स्वस्त संचांत हे सर्रास होतं), तर कटर आणि पत्रा, म्हणजे एकसारख्या जाडीचा लाटलेला क्लेचा थर, हा मार्ग जास्त भरवशाचा. यात एक सोपं गणित आहे. मण्याच्या पोटाचा जितका व्यास, तितक्याच व्यासाचा गोल कटर घ्या. गोल मण्यासाठी पत्र्याची जाडी व्यासाच्या दोन तृतीयांश. ओव्हलसाठी मण्याच्या लांबीच्या दोन तृतीयांश. बायकोनसाठी लांबीच्या एक तृतीयांश. १२ मिमी पोटाचा आणि १८ मिमी लांबीचा बायकोन हवा असेल तर १२ मिमीचा कटर आणि ६ मिमी जाड पत्रा. त्याच मापाच्या ओव्हलला बरोबर दुप्पट क्ले लागते, म्हणजे १२ मिमी जाडी. दोन घाट शेजारी ठेवले तर एवढा फरक डोळ्यांना पटत नाही, म्हणून ओव्हल नेहमी कमी भरतो आणि बायकोन नेहमी जास्त.

कटर त्याच मापाचा नसेल तर: कटरचा व्यास गुणिले कटरचा व्यास, गुणिले जाडी, गुणिले दीड, आणि त्याचं घनमूळ. तो गोल मण्याचा व्यास. ६ मिमी जाड पत्र्यातून १० मिमीच्या कटरने साधारण ९.७ मिमीचा मणी होतो, १२ च्या कटरने १०.९ चा आणि १४ च्या कटरने १२.१ चा. मोबाइलवर एकदा हिशेब करून कागदावर लिहून ठेवला की झालं. खोबणीचं पोट किंवा टोकं थोडी गोलसर केलेली असतात, त्यामुळे पहिला मणी काढून बघायचा आणि जाडी थोडी इकडेतिकडे करायची. पुढचे सगळे त्याच मापाने.

पत्रा एका जाडीचा व्हायला हवा, हे सांगायला नको. पास्ता मशीनच्या सर्वात जाड आकड्यावर काढलेले थर एकावर एक ठेवा, पण मधे हवा राहू देऊ नका. एका कडेपासून सुरुवात करून थर हळूहळू टेकवत न्या. मशीन नसेल तर क्लेच्या दोन्ही बाजूंना खेळायचे पत्ते सारख्याच संख्येने रचा आणि लाटणं त्यांच्यावरून फिरवा. (ते लाटणं पुन्हा पोळ्यांना वापरायचं नाही, कटरही नाही. क्लेची हत्यारं वेगळी म्हणजे वेगळी.) कटर मारताना पत्र्यावर प्लास्टिकचा कागद पसरायची सवय अनेकांना असते. त्याने कडा छान गोल होतात खऱ्या, पण चकतीतली क्ले कमी होते आणि ती दर वेळी सारखी कमी होत नाही. इथे कागद नको.

आणखी अचूकपणा हवा तर वजन. एक मणी रोलरमधून हवा तसा बाहेर आला की तो काट्यावर ठेवा. तेच तुमचं प्रमाण वजन. सोनारकामाचा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा यासाठी उत्तम. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमच्या पायरीने मोजणारा काटा इथे निरुपयोगी आहे, कारण मणीच एखाद्या ग्रॅमचा असतो. वेगवेगळे रंग रचून केलेल्या क्लेच्या भरीव कांडीतून, म्हणजे केनमधून, कापलेल्या नक्षीच्या चकत्या मण्यावर चिकटवणार असाल तर त्यांचंही वजन त्या प्रमाणातूनच वजा करा. खाली साधा मणी पूर्ण मापाचा घ्यायचा आणि वर चकत्या चढवायच्या, ही झालरीची शंभर टक्के हमी.

रोलरमध्ये प्रत्यक्ष काय होतं

आधी क्ले नीट मळलेली हवी. घडी घातल्यावर वाकणीवर भेग पडली नाही की मळून झाली. मग तळहातांमध्ये आधी जोर लावून आणि शेवटी अगदी हलक्या हाताने गोळा वळा. इथे राहिलेली बारीकशी भेग रोलर मिटवत नाही, लांब करतो. बायकोन किंवा ओव्हलसाठी गोळा खोबणीत ठेवण्याआधी बोटांखाली एकदोनदा फिरवून किंचित लांबट करा, म्हणजे टोकांकडे क्ले आधीच पोचलेली असते.

गोळा खोबणीत ठेवला की वरची पट्टी नुसती टेकवायची. दाबायची नाही. नव्वद टक्के मणी इथेच बिघडतात. सुरुवातीला पट्टी कडांना टेकलेली नसते, गोळ्यावर तरंगत असते. तेव्हाच जोर दिला तर गोळा फिरायचं सोडून घसरतो, चपटा होतो आणि मग कितीही घासा, त्याची वडीच राहते. हलक्या हाताने, थोडं भरभर, मागेपुढे करत राहिलं की पट्टी आपोआप खाली उतरते. दोन्ही कडा टेकल्याचं हाताला कळतं, आवाजही बदलतो, विरोध जातो. त्यानंतर पाच-सहा सावकाश फेऱ्या आणि थांबा. जास्त फिरवलं की मणी सुबक होत नाही, उलट गरम होऊन मऊ पडतो.

गोल मण्याला एक जादा पायरी आहे. रोलर मण्याला एकाच आसाभोवती फिरवतो, म्हणून मधे दोन-तीनदा झाकण उघडून मणी पाव वळसा फिरवून पुन्हा ठेवावा लागतो. एवढं करूनही तळहातावर वळलेल्या गोल मण्यापेक्षा तो फारसा सरस नसतो. गोल मण्यांसाठी रोलर घेण्यात अर्थ नाही हे आमचं स्पष्ट मत. नीट मापलेली क्ले आणि दोन हात त्या कामाला पुरतात.

बायकोन मात्र या साधनाचं खरं काम. सपाट अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्याखाली गोळा गोल गोल फिरवूनही बायकोन होतो, पण त्यात दर मण्याची उंची हाताच्या दाबावर अवलंबून. दहा मणी दहा जाडीचे निघतात. रोलरमध्ये उंची पट्टीच्या कडांनी ठरवलेली असते. बोरमाळेसारख्या माळेला लांबट मणी एका घाटाचे हवे असतात, तिथे ओव्हल खोबण अशीच उपयोगी पडते.

टोकं हीच या साधनाची दुखरी जागा, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. बायकोनच्या पोटाचा घेर मोठा आणि टोकाचा जवळजवळ शून्य. पण वरची पट्टी दोघांवरून एकाच वेगाने सरकते. पोट पट्टीबरोबर गडगडतं, टोकाला तेवढं अंतर फिरून कापायचं म्हटलं तर कितीतरी जास्त वेढे घ्यावे लागतील. ते शक्य नसल्याने तिथे क्ले घासली जाते. म्हणून मण्यावर चकत्यांची नक्षी असेल तर ती पोटावर स्वच्छ राहते आणि टोकांकडे ओढल्यासारखी पुसट होते. पट्टी सरळ न सरकता थोडी तिरकी गेली तर नक्षीला पीळ बसतो. सोन्याचा वर्ख लावलेल्या मण्यात हेच घासणं कामी येतं, वर्ख टोकांकडे बारीक तडकत जातो आणि तो छान दिसतो. फुलांच्या नक्षीला मात्र रोलर लावू नका.

टोकाला खळगा पडणं हे दुसरं. वरचा थर टोकाकडे सरकतो, गाभा मागे राहतो, आणि मधे खड्डा उरतो. क्ले कमी असेल किंवा सुरुवातीलाच दाबलं असेल तर हा खळगा खोल होतो. पुढे भोक तिथेच पडणार असल्याने अर्ध्या मिमीचा खळगा खपून जातो. त्याहून खोल असेल तर मणी मोडून पुन्हा गोळा करा. सुईने लेप लावून बुजवायचा प्रयत्न केला की भाजल्यावर तिथे वेगळा डाग दिसतो.

एका खोबणीत एकदम दोन-तीन मणी फिरवता येतात का? येतात, पण झाकण सगळ्यात मोठ्या मण्यावर टेकून राहतं आणि बाकीचे अर्धवट दाबले जातात. वजन करून घेतलेले असतील तरच हा शॉर्टकट घ्या, आणि मण्यांमध्ये अंतर ठेवा, नाहीतर दोन मणी गडगडत एकमेकांना गाठतात आणि त्यांचा एकच होतो.

मणी काढताना चिमटीत धरू नका, ठसा उमटतो. झाकण सरळ वर उचला आणि खालची पट्टी तिरपी करून मणी खोबणीच्या टोकाकडून मऊ कापडावर किंवा कापसाच्या थरावर उतरवा.

चिकटणं आणि उन्हाळा

ऑनलाइन तक्रारींत पहिली तक्रार हीच: मणी खोबणीला चिकटतो. दोष क्वचितच रोलरचा असतो. नवी, ताजी क्ले फार मऊ असते, त्यात विदर्भातला किंवा मराठवाड्यातला एप्रिल-मे आणि पंख्याखालचे गरम हात. उपाय साधा आहे. क्लेचा पातळ पत्रा दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांमध्ये ठेवा, वर एखादं जाड पुस्तक. तासाभरात कागदावर तेलकट डाग दिसेल. तो जास्तीचा प्लास्टिसायझर. कागद शोषून घेतो आणि क्ले घट्ट होते. छापील कागद वापरू नका, शाई क्लेवर उतरते. घाई असेल तर कापलेल्या चकत्या डबीत घालून १०-१५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, पण बाहेर काढल्यावर दमट हवेत त्यांच्यावर पाणी सुटतं. ते टिपून मगच गोळा वळा, नाहीतर पाणी घडीत अडकतं.

खोबणीला पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला तरी पुरतं. कॉर्नफ्लॉवर भुरभुरवायचा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चालतोही, पण काळ्या, मरून किंवा गडद निळ्या क्लेवर पांढरट झाक राहू शकते. गडद रंगाला पाणीच बरं. खाण्याचं तेल मात्र नको, क्ले आणखी मऊ होते.

उन्हाळ्यात कुरिअरने मागवलेली क्ले अर्धवट भाजलेली निघू शकते. पाकीट उघडल्यावर मळताना ती चुरा होत असेल आणि चुऱ्यात कडक कण हाताला लागत असतील तर ती परत करा. नुसती जुनी आणि कोरडी असेल तर लिक्विड क्लेचे काही थेंब घालून मळता येते. कडक कण असलेली क्ले कशानेच सुधारत नाही आणि त्या कणांचे ओरखडे रोलरमध्ये प्रत्येक मण्यावर वेढे काढतात.

घेताना काय बघायचं

झाकण बंद करून रोलर डोळ्यांसमोर आडवा धरा आणि टोकाकडून आत बघा. वरच्या आणि खालच्या खोबणीने मिळून अख्खा घाट दिसला पाहिजे. एक अर्धा जरा बाजूला सरकलेला दिसला तर तो रोलर नको. अशा रोलरमधून मणी निघतो, पण पोट चपटं आणि टोकं बोथट. झाकण कडांवर डावीउजवीकडे किती हलतं तेही बघा. सरकण्यापुरती मोकळीक असतेच, पण लडबड नको. ऑनलाइन घेताना हे बघता येत नाही. म्हणून परत करण्याची सोय असलेल्या ठिकाणीच घ्या आणि क्ले लावण्याआधी तपासा.

मग खोबणीतून नख फिरवा. यंत्राने कोरलेली खोबण नीट पॉलिश केलेली नसेल तर लांबीच्या दिशेने बारीक रेघा लागतात. मणी त्यांच्यावरून गडगडला की प्रत्येक रेघेचा त्याच्याभोवती एक वेढा होतो. रेघा बारीक असतील तर २००० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून वापरायचा बारीक सँडपेपर) पेन्सिलीला गुंडाळून, पाणी लावून घासता येतात, पण नव्या वस्तूवर हे करायची वेळ का यावी. हल्ली थ्रीडी प्रिंटरवर छापलेले रोलरही बरेच मिळतात. त्यात हवा तो घाट आणि हवं ते माप मिळतं ही मोठी सोय, पण छपाईच्या थरांच्या रेषा मण्यावर उमटतात. अपारदर्शक असल्याने आत काय चाललंय तेही दिसत नाही. विक्रेत्याने खोबणी आतून घासून गुळगुळीत केल्या आहेत का, हे विचारूनच घ्या.

तिसरी गोष्ट लांबी, आणि ती कोणीच सांगत नाही. १२ मिमीच्या मण्याचा घेर साधारण ३८ मिमी. झाकण सरकतं त्याच्या निम्मं अंतर मणी पुढे जातो. म्हणजे त्याचा एक पूर्ण वेढा व्हायला झाकण सुमारे ७५ मिमी सरकलं पाहिजे. रोलर आखूड असेल आणि प्रत्येक फेरीत मणी जेमतेम अर्धा वेढा घेत असेल तर त्याची एक बाजू नेहमी वर आणि दुसरी नेहमी खाली राहते आणि मणी अंडाकृती होतो. मोठ्या मण्यांचा आखूड रोलर दिसायला गोंडस असतो, कामाला नाही.

भोक, मग भट्टी

रोलरमधून काढलेला मणी मऊ असतो. तो तसाच सुईने भोसकला तर ज्या घाटासाठी एवढा हिशेब केला तो तिथेच जातो. १०-१५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. मग सुई टोकावर उभी धरून ढकलायची नाही, फिरवत न्यायची, स्क्रू घातल्यासारखी. पलीकडच्या बाजूला क्ले किंचित फुगल्याचं दिसलं की सुई बाहेर काढा आणि त्या फुगवट्यातून उलट बाजूने आत घाला. एकाच बाजूने आरपार केलं की दुसऱ्या टोकाला ज्वालामुखीच्या तोंडासारखी कड येते आणि माळेत दोन मणी एकमेकांना नीट टेकत नाहीत. तारेसाठी किंवा बारीक दोऱ्यासाठी १ ते १.५ मिमी भोक पुरे, रेशमी गोफासाठी २ मिमी घ्या.

दुसरा मार्ग म्हणजे कच्च्या मण्याच्या दोन्ही टोकांना सुईची नुसती खूण करायची आणि भाजून गार झाल्यावर हाताने फिरवायच्या पिन व्हाइसमध्ये १.५ मिमीचं ड्रिल लावून दोन्हीकडून भोक पाडायचं. वेळ जास्त लागतो, पण घाट अजिबात हलत नाही. बायकोनला टोक आयतंच असल्याने ड्रिल घसरत नाही. विकण्यासाठी मणी करत असाल तर हाच मार्ग घ्या.

भाजताना मणी टाइलवर नुसते ठेवले तर टेकलेल्या जागी चपटा, चमकणारा ठिपका पडतो. भोक आधी पाडलं असेल तर तारेत ओवून तार डब्याच्या कडांवर आडवी ठेवा, मणी एकमेकांना न टेकवता. भोक नसेल तर साध्या कागदाची पंख्यासारखी घडी करून तिच्या चुण्यांमध्ये मणी ठेवा. ट्रेला फॉइलचं झाकण लावा, कारण घरगुती ओटीजीची कॉइल जवळ असते आणि वरचे मणी करपतात.

फिमोला ११० अंश सेल्सिअस आणि ३० मिनिटं, प्रीमोला १३० अंश आणि दर ६ मिमी जाडीला ३० मिनिटं, सर्निटला ११० ते १३० अंश आणि ३० मिनिटं. प्रीमोचा १२ मिमीचा मणी म्हणजे तासभर. अर्ध्या तासात काढलेला मणी वरून पक्का दिसतो आणि ड्रिल लावताना आतून फुटतो. ओटीजीच्या खटक्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर घ्या. कॉइल चालू-बंद होताना तापमान बरंच वरखाली होतं. ओव्हनमध्ये एक जाड टाइल आधीपासून तापत ठेवली तर ते बरंच आवरतं. मायक्रोवेव्ह लहरींवर भाजायचं नाही, त्याच यंत्रातला कन्व्हेक्शन मोड चालतो. क्ले करपली तर पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो. उग्र वास आला की ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर जा.

गुळगुळीत खोबणीतून निघालेल्या मण्याला घासणी कमी लागते. ६०० नंबरपासून सुरुवात करून १०००, मग २००० चा वॉटर पेपर, पाण्याखाली. वर चमक हवी तर पाण्यावर आधारलेलं वार्निश लावा. नेलपॉलिश लावलेले मणी काही दिवसांनी चिकट होतात आणि ते परत सुधारत नाहीत.

दुसरे पर्याय

मासेमारीच्या दुकानातला बॉइली रोलर हा या साधनाचा चुलतभाऊ. युरोपात कार्प माशांसाठी आमिषाच्या गोळ्या वळायला तो वापरतात आणि क्लेवाल्यांनी तो उचलला. दोन पट्ट्यांवर समांतर अर्धगोल खोबणी, त्यांच्यावर क्लेची लांब सुरळी आडवी ठेवायची आणि वरची पट्टी सरकवायची. खोबणींच्या धारा सुरळी कापतात आणि प्रत्येक तुकडा आपापल्या खोबणीत गोल होतो. एका झटक्यात दहा-बारा गोल मणी. एका रंगाचे, ढिगाने मणी लागत असतील तर तीन खोबणींचा रोलर याच्यापुढे काहीच नाही. पण सुरळीची जाडी खोबणीच्या मापाची आणि सगळीकडे सारखी हवी. त्यासाठी एक्सट्रूडर, म्हणजे क्ले गन, जवळजवळ आवश्यक ठरते. शिवाय तो फक्त गोलच करतो.

एक्सट्रूडर एकटाही बराच उपयोगी आहे. १० मिमीच्या भोकाच्या चकतीतून सुरळी काढा, फ्रिजमध्ये गार करा आणि ६.७ मिमीचे तुकडे कापा, प्रत्येकाचा १० मिमीचा गोल मणी होतो. तोच दोन तृतीयांशाचा नियम. कापताना ब्लेड सरळ खाली दाबू नका, सुरळी ब्लेडखाली फिरवत कापा, नाहीतर तुकडे चपटतात.

उतरत्या माळेसाठी, जिथे मधला मणी मोठा आणि दोन्हीकडे लहान होत जाणारे हवेत, रोलर कामाचा नाही, कारण त्यात एका घाटाचं एकच माप असतं. ८ मिमीपासून १२ मिमीपर्यंत जायचं तर क्ले जवळपास साडेतीन पट वाढते. ८, ९, १०, ११ आणि १२ मिमीच्या मण्यांसाठी वजनाचं प्रमाण ५१२, ७२९, १०००, १३३१, १७२८. काटा आणि तळहात, बस.

म्हणजे बायकोन किंवा लांबट मण्यांच्या माळा, एका मापाच्या, वारंवार करणार असाल तर रोलर घ्या, आणि चांगला घ्या. खोबणी पॉलिश केलेला, पारदर्शक, मोजपट्टीसकट. बिननावाच्या स्वस्त संचात कधीमधी चांगला नग निघतो, पण तो तपासून घेण्याची चिकाटी हवी. फक्त गोल मणी करणाऱ्यांनी तेवढ्या पैशांत छोटा डिजिटल काटा आणि गोल कटरचा संच घ्यावा.

काम झाल्यावर कच्ची क्ले रोलरमध्ये ठेवून देऊ नका, प्लास्टिसायझर बऱ्याच प्लास्टिकांवर डाग आणि चिकटपणा सोडतो. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ कापड, किंवा ओला बेबी वाइप पुरतो. खोबणीच्या कोपऱ्यातली क्ले लाकडी टूथपिकने काढा, धातूच्या सुईने नाही. नेलपॉलिश रिमूव्हरमधला अ‍ॅसिटोन अ‍ॅक्रिलिक विरघळवतो आणि स्पिरिटनेही त्यात बारीक तडे जाऊ शकतात, म्हणून दोन्ही लांब ठेवा. दोन्ही पट्ट्या मधे टिश्यू पेपर घालून, क्लेच्या पाकिटांपासून वेगळ्या डब्यात ठेवा.